विमानाचं नाक, गावाचं नाक

हिवाळ्यातली सकाळ होती. खान्देशातल्या एका धावपट्टीच्या काटेरी कुंपणाबाहेर मी उभा होतो. आत एक छोटं विमान सर्किट मारत होतं. उडायचं, आभाळात चौकोन घ्यायचा, उतरायचं, चाकं टेकली की पुन्हा उडायचं. सहा-सात फेऱ्या नीट झाल्या. पुढच्या फेरीला ते जरा जास्तच वेगात आलं. चाकं टेकली आणि विमान उसळलं. पुन्हा आपटलं, पुन्हा उसळलं, आता पहिल्यापेक्षा उंच. नाक खाली जायला लागलं. तेवढ्यात इंजिन कडाडलं, पंख एकदा हलले, सरळ झाले आणि विमान पलीकडच्या दादर ज्वारीच्या शेतावरून वर निघून गेलं.

माझ्या शेजारी मोटरसायकलवर एक तरुण बसला होता. इतका वेळ त्याचा मोबाइल विमानावर रोखलेला. विमान वर गेलं तसा त्याने हात खाली घेतला, जीभ टाळूला लावून 'च्च' केलं आणि म्हणाला, "हुकनं राव!"

काय हुकलं? विशी-बाविशीतल्या एका पोराची मान मोडायची हुकली. तेवढ्यासाठी हा गडी थंडीत तासभर थांबला होता.

राग आला, पण त्याच्यावरचा राग फार टिकला नाही. तो अडाणी नव्हता, दुष्टही नव्हता. विमानाकडे असंच बघायचं असतं हे त्याला कुणीतरी शिकवलं आहे, आणि मला त्या गुरुजनांशी बोलायचं आहे. पंधरा सेकंदांच्या व्हिडिओवर निकाल देणारे, प्रत्येक धडपडीला 'कोसळलं' म्हणणारे, 'किरकोळ घटना' असं दोन ओळींचं पत्रक काढून फाटक लावून घेणारे आणि फीत कापायला हजर पण कातर खाली ठेवताच बेपत्ता होणारे. नाकाने कांदे सोलणाऱ्यांची ही पंगत मोठी आहे. एकेकाच्या पानात वाढू.

आधी त्या सकाळी काय घडलं ते समजून घ्या, कारण मोबाइलवाल्याला ते दिसलंच नाही. छोट्या विमानाचं पुढचं चाक एका बारीक दांडीवर असतं. ते जमिनीवर चालताना वळण्यासाठी असतं, विमानाचा भार झेलण्यासाठी नव्हे. भार मागच्या दोन चाकांनी घ्यायचा आणि नाक हळूच, सर्वांत शेवटी टेकवायचं. शिकाऊ हात वेगात आला की विमान टेकायला तयार होत नाही, कारण पंखांत अजून उडण्याइतकी ताकद उरलेली असते. पोरगं घाबरून दांडा पुढे ढकलतं. पुढचं चाक आधी आपटतं, विमान उसळतं. आणखी घाबरून आणखी ढकलतं. दुसरी उसळी पहिलीपेक्षा वाईट, तिसरी दुसरीपेक्षा. बहुतेक वेळा तिसऱ्या आपटीत ती दांडी मोडते, पंखा जमिनीला लागून वाकतो आणि विमान नाकावर बसतं. यावर औषध एकच: हट्ट सोडायचा, पूर्ण ताकद द्यायची, पुन्हा वर जायचं आणि नव्याने यायचं. वैमानिक याला गो-अराउंड म्हणतात. त्या सकाळी त्या पोराने दोन उसळ्यांनंतर, मोजून दोन-तीन सेकंदांत, हा निर्णय घेतला. त्याच्या आख्ख्या प्रशिक्षणातला सगळ्यात शहाणा निर्णय आम्हा दोघांच्या डोळ्यांसमोर झाला आणि त्यावर प्रतिक्रिया काय, तर 'हुकनं'!

आता शब्दाचं बघू. मराठीत खाली जाण्याला काय कमी शब्द आहेत? घसरणं, आदळणं, आपटणं, कलंडणं, रुतणं, धडपडणं, कोलमडणं. एकेका शब्दात वेगळा प्रसंग आहे. पण विमान म्हटलं की आमच्या बातमीदारांचा शब्दकोश एका क्रियापदावर येऊन आटतो. विमान पट्टी सोडून गवतात गेलं, 'कोसळलं'. पुढचं चाक मोडलं, 'कोसळलं'. २५ जुलै २०२२ ला इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीत बारामतीहून एकटीने उडालेल्या मुलीचं सेसना १५२ आणीबाणीत शेतात उतरलं. विमान मोडलं, मुलगी किरकोळ जखमांवर वाचली. मथळा? तोच. भर शेतात, एकटीने, बाविसाव्या वर्षी तिने स्वतःचा जीव वाचवला, ही बातमी त्या एका क्रियापदाखाली चिरडली गेली. आणि हा नुसता शब्दांचा कीस नाही. सगळंच कोसळत असेल तर खरोखर कोसळतं तेव्हा काय म्हणणार? १६ जुलै २०२१ ला आपल्याच चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी वर्डीच्या शिवारात शिरपूरहून उडालेलं प्रशिक्षणाचं विमान खरोखर कोसळलं. प्रशिक्षक जागीच गेला, शिकणारी मुलगी जबर जखमी झाली. आणि त्या दुपारी पहिली बातमी कसली फिरली? हेलिकॉप्टरची! ज्यांना पंख आणि पंखा यांतला फरक कळत नाही, ते अपघाताची कारणमीमांसा करायला बसले होते.

शिकणारी मुलगी असली की या विद्वानांना आणखी चेव येतो. 'बाईच्या हातात विमान दिल्यावर दुसरं काय होणार?' गाव-ग्रुपवर हे वाक्य मी इतक्यांदा वाचलं आहे की ते लिहिणाऱ्या बोटांची मला आता कीव येते. अरे गड्यांनो, १९३६ साली सरला ठकराल लाहोरला साडी नेसून जिप्सी मॉथ एकटीने उडवत होती, तेव्हा तुमच्या-माझ्या आजोबांना सायकल चालवता येत होती का? आपली सौदामिनी देशमुख १९८५ साली इंडियन एअरलाइन्सच्या पहिल्या फक्त-महिला चमूची कॅप्टन होती. भारतात वैमानिकांमध्ये बायकांचं प्रमाण सुमारे १५ टक्के आहे, जगाच्या सरासरीच्या जवळपास तिप्पट. देशाने मिरवावं अशा ज्या थोड्या गोष्टी आहेत, त्यातली ही एक. आणि आपण काय करतो? एखादी शिकाऊ मुलगी उतरताना अडखळली की आख्ख्या स्त्रीजातीचं लायसन्स रद्द करतो. तिच्या जागी मुलगा असला तर 'पोरगं वाचलं, देवाची कृपा'. एकच धावपट्टी, एकच उसळी, पण न्याय दोन.

याच ग्रुपवर, याच बोटांनी, दर दोन महिन्यांनी एक मजकूर फिरतो: राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी, १८९५ साली, शिवकर बापूजी तळपदे यांनी मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवलं आणि इंग्रजांनी ते दडपलं. तळपद्यांबद्दल मला प्रेम आहे. त्या काळात एका मराठी माणसाने विमानाचा ध्यास घ्यावा ही साधी गोष्ट नव्हे. पण ते विमान उडालं याचा विश्वसनीय पुरावा नाही. 'वैमानिक शास्त्र' नावाच्या ज्या ग्रंथाचा दाखला देतात, त्यातली विमानं उडूच शकत नाहीत असं बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ साली गणित मांडून दाखवलं. तरी श्रद्धा अढळ. म्हणजे जे विमान कुणी पाहिलं नाही त्याला टाळ्या, आणि रोज सकाळी डोळ्यांसमोर शंभर वेळा उडून नव्व्याण्णव वेळा धड उतरणाऱ्या पोरांना शिव्या!

आणि ज्या राइट बंधूंचा एवढा राग आहे, त्यांचं काय झालं होतं ते तरी वाचा. १४ डिसेंबर १९०३ ला विल्बरने पहिला प्रयत्न केला. साडेतीन सेकंदांत विमान वाळूत आपटलं. दुरुस्तीला दोन दिवस गेले. १७ डिसेंबरला चार उड्डाणं झाली. चौथं सगळ्यात लांबचं, ५९ सेकंद, ८५२ फूट. ते उतरलं कसं? वाळूवर आदळून. पुढच्या सुकाणूची चौकट मोडली. नंतर वाऱ्याने विमान उलथलं आणि ते पुन्हा कधी उडालं नाही. इंजिनाच्या बळावरच्या मानवी उड्डाणाचा पहिला दिवस उतरतानाच्या मोडतोडीने संपला. तिथे कुंपणाबाहेर आपला मोबाइलवाला असता तर त्याच्या पदरात भरभरून पडलं असतं, आणि राइट बंधूंचं नाव 'निष्काळजी' या सदरात गेलं असतं.

उतरणं हीच विमानविद्येतली खरी परीक्षा, हे विमान बनवणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं. भारतात रचलेलं पहिलं प्रशिक्षण विमान एचटी-२. त्याचे रचनाकार डॉ. विष्णू माधव घाटगे, आपल्या कोल्हापूर भागातले. ते विमान १९५१ साली उडालं आणि हवाई दलाच्या कित्येक पिढ्या त्यावर आपटून-धोपटून शिकल्या. शिकाऊ विमान असं बांधतात की त्याने चुका सोसाव्यात. विमान नाकावर बसलं आणि आतला माणूस दार उघडून चालत बाहेर आला, तर विमानाने आपलं काम केलं. मोडायचं ते लोखंड मोडलं, हाडं शाबूत राहिली.

मग मी शाळांची वकिली करतोय का? नाही. आता त्यांच्याकडेच वळतो.

अपघात झाला की शाळेचं दोन ओळींचं पत्रक येतं. घटना किरकोळ आहे, प्रशिक्षणार्थी सुखरूप आहे, चौकशी सुरू आहे. पुढे काही महिन्यांनी कुठूनतरी कानावर येतं: 'वैमानिकाची चूक'. संपलं. फाइल बंद. हे दोन शब्द म्हणजे निदान नव्हे. रुग्ण का मेला, तर श्वास थांबला म्हणून, असं सांगणाऱ्या डॉक्टरला तुम्ही काय म्हणाल? चाळीस तास उडालेल्या पोराने चूक केली, हे मान्य. चुका करायलाच तर तो तिथे आला आहे, त्याचेच तर अर्ध्या कोटीच्या घरात पैसे घेतले आहेत तुम्ही! प्रश्न त्याच्या आधीचे आहेत. त्याला त्या दिवशी एकट्याला कुणी सोडलं? त्या वेळी वारा आडवा होता का, किती होता? आदल्या आठवड्यात त्याला किती तास उडायला मिळालं, की विमान दुरुस्तीला पडलं म्हणून तो वीस दिवस खोलीत बसून होता? प्रशिक्षक त्या दिवशी कितवी फेरी करत होता, रात्री किती झोपला होता? याआधी त्याच विमानाने असं आपटून घेतलं होतं का, आणि तेव्हा ती दांडी तपासली होती का? 'वैमानिकाची चूक' या शब्दांनी हे सगळे प्रश्न एका फटक्यात पुसले जातात. ज्याला बोलायची मुभा नाही, ज्याचं पुढचं सगळं आयुष्य त्या शाळेच्या शिक्क्यावर अवलंबून आहे, त्याच्या एकट्याच्या डोक्यावर खापर फोडून शाळा मोकळी.

आणि हे मी माझ्या मनचं सांगत नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीच्या शिकागो कराराचं तेरावं परिशिष्ट स्वच्छ सांगतं की अपघाताच्या तपासाचा एकमेव हेतू पुढचे अपघात टाळणं हा आहे, दोष कुणाचा हे ठरवणं नव्हे. भारताने हा करार मान्य केला आहे आणि त्यानुसार २०१२ साली नागरी विमान वाहतूक महासंचालनालयापासून, म्हणजे डीजीसीएपासून, वेगळी तपास यंत्रणा, एएआयबी, उभी केली. त्याच परिशिष्टात असंही आहे की शक्यतो बारा महिन्यांत अंतिम अहवाल यावा, नाहीतर दर वर्षी त्या तारखेला तपास कुठवर आला ते जाहीर करावं. नियम सुंदर आहे. पण पळवाटही तिथेच आहे. अपघात कशाला म्हणायचं याची व्याख्या आहे. कुणी मेलं, कुणाला गंभीर इजा झाली किंवा विमानाच्या सांगाड्याला मोठं नुकसान झालं, तर तो अपघात. नुसता पंखा वाकला, चाक फुटलं, पंखाचं टोक घासलं, तर ती 'घटना'. म्हणजे ज्या घसरण्या-आपटण्यांतून सगळ्यात जास्त शिकायला मिळतं आणि ज्या सगळ्यात जास्त होतात, त्याच खालच्या खणात जाऊन पडतात. शब्द बदलला की कागद पातळ होतो. बाहेर 'कोसळलं', आत 'किरकोळ'. दोघेही खोटं बोलतात आणि खरं काय ते त्या पोराच्या पोटात राहतं.

उतरण्याची कदर का करायची ते एका प्रकरणावरून सांगतो. जानेवारी २०११ मध्ये गोव्याच्या दाबोळी विमानतळावर एक मोठं प्रवासी विमान आधी पुढच्या चाकावर उतरलं. प्रवासी सुखरूप होते. 'किरकोळ' म्हणून सोडून देता आलं असतं. पण कुणीतरी आकडे काढून पाहिले आणि लक्षात आलं की याच वैमानिकाने याआधीही विमान असंच उतरवलं आहे. धागा ओढला तर लायसन्ससाठी दिलेली गुणपत्रिकाच बनावट निघाली. त्यानंतर देशभर तपासणी झाली, आणखी बनावट गुणपत्रिका सापडल्या, आणि राजस्थानातल्या एका उड्डाण शाळेत न उडवलेले तास लॉगबुकात भरल्याचं बाहेर आलं. पुढच्या चाकाने सगळ्या देशाची पोलखोल केली! लॉगबुक खोटं बोलू शकतं, गुणपत्रिका खोटं बोलू शकते, पत्रक तर खोटं बोलण्यासाठीच छापतात. धावपट्टीला मात्र खोटं बोलता येत नाही. म्हणून खान्देशातली प्रत्येक वाकडी उतरण मला कागदपत्राइतकी मोलाची वाटते. ती लपवणारा पुरावा लपवतो, आणि तिची टिंगल करणारा पुरावा फाडतो.

शाळांची प्रकृती कशी आहे हे आता सरकारनेच सांगून टाकलं आहे. १ ऑक्टोबर २०२५ ला डीजीसीएने पहिल्यांदाच देशातल्या उड्डाण शाळांची श्रेणी जाहीर केली. ३५ शाळा. ए-प्लस श्रेणीत एकही नाही. ए श्रेणीत एकही नाही. बी श्रेणीत १३. उरलेल्या २२ सी श्रेणीत, म्हणजे ५० टक्क्यांच्याही खाली! दहावीला पोराला पन्नास टक्के पडले तर आपण त्याला वाणिज्य शाखेच्या दारातही उभं करत नाही, आणि इथे तेवढ्याही गुणांना न पोहोचणारी शाळा आपल्या पोरांना दोन हजार फुटांवर नेते. त्याआधी, २०२३च्या ऑक्टोबरात, बारामतीजवळ चार दिवसांत एकाच अकादमीची दोन विमानं पडली तेव्हा कुठे डीजीसीएने तिचं प्रशिक्षण थांबवलं. दोन विमानं पडेपर्यंत तपासणीदार काय करत होते? हा प्रश्न विचारायला कुणाचा मोबाइल वर झाला नाही.

आपल्या भागाचा आणखी एक मुद्दा आहे आणि तो मला कुठल्याच चर्चेत ऐकू येत नाही: ऊन. गरम हवा पातळ असते. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की जळगाव-धुळ्याच्या पट्टीवर उभं असलेलं विमान हवेच्या हिशेबाने सुमारे साडेचार हजार फुटांवर असतं, म्हणजे जवळजवळ महाबळेश्वरावर. चटके भुसावळचे आणि हवा महाबळेश्वरची! इंजिनाचा दम कमी होतो, पंख्याला हवेची पकड मिळत नाही, घड्याळात वेग नेहमीचाच दिसतो पण जमिनीवरून विमान त्याहून जोरात धावत असतं. त्यात तापलेल्या काळ्या रानातून वर येणारे झोत विमानाला उतरू देत नाहीत. अनुभवी हाताला हे कळतं. चाळीस तासांच्या हाताला कळायचं असेल तर कुणीतरी शेजारी बसून शिकवावं लागतं, आणि दुपारी बारा वाजता 'आज नको' म्हणण्याची हिंमत शाळेत असावी लागते. 'आज नको' म्हटलं की तास बुडतात, तास बुडले की पैसे अडकतात. व्यावसायिक वैमानिकाच्या लायसन्सला दोनशे तास लागतात आणि प्रत्येक तासाला मीटर चालू असतो. या मीटरचा दाब कुणाच्या मानेवर पडतो? मालकाच्या पडत नाही.

पुढाऱ्यांबद्दल थोडक्यात, कारण त्यांनीही या विषयाला थोडाच वेळ दिला आहे. २३ मार्च २०१२ ला जळगाव विमानतळाचं उद्घाटन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झालं. जिल्ह्याची लेक, जिल्ह्याचं विमानतळ, ऊर भरून आला होता, माझाही. मग डिसेंबर २०१७ पर्यंत प्रवासी विमानाची वाट पाहिली. 'उडान' योजनेतलं एकोणीस आसनांचं विमान आलं, काही महिन्यांत गेलं. २०१९ साली दुसरी कंपनी आली, पुन्हा सत्कार झाले, तीही गेली. प्रत्येक वेळी फलकावर फोटो आणि 'खान्देशची गरुडझेप'. या सगळ्या काळात आपल्या आभाळात खरोखर रोज उडत होती ती ही शिकाऊ पोरं. १९२८ साली जुहूला सुरू झालेला, जिथे जे. आर. डी. टाटा शिकले तो बॉम्बे फ्लाइंग क्लब धुळ्याच्या गोंदूरला येऊन शिकवतो. शिरपूरजवळ तांड्याला धावपट्टी आहे. जळगावला विमानतळ प्राधिकरणाने २०२१ साली उड्डाण शाळांना जागा दिल्या. मुंबई-पुण्याचं आभाळ प्रवासी विमानांनी भरलं म्हणून देशाचे वैमानिक आपल्या डोक्यावर घडताहेत. ही जबाबदारी आहे आणि मानही आहे. पण याबद्दल एकाही सभेत एक वाक्य मी ऐकलं नाही. विमान नाकावर बसलं की मात्र भेट द्यायला गाड्यांचा ताफा, कॅमेऱ्याकडे तोंड, 'चौकशीचे आदेश दिले आहेत'. कुणी दिले, कुणाला दिले? हा तपास जिल्ह्याच्या पातळीवर कुणाच्याच हातात नसतो, हे त्यांना ठाऊक नाही आणि विचारावंसं वाटलेलं नाही.

गावाचं नाक कापलं गेलं, असं एका कार्यकर्त्याने मला ऐकवलं होतं. विमानाचं नाक मोडलं म्हणून गावाचं कापलं गेलं! माझं म्हणणं वेगळं आहे. गावाचं नाक कुणी राखलं ते वर्डीला विचारा.

त्या १६ जुलैला, पावसाळ्याच्या दिवसात, सातपुड्याच्या त्या उतारावर धड वाट नव्हती. तिथे कुठलंही पथक पोहोचण्याआधी आसपासच्या पाड्यांवरचे आदिवासी पोहोचले. शेतातली कामं टाकून पोहोचले. मोडलेल्या विमानात इंधन असतं, ते पेट घेऊ शकतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तरी ते गेले. जखमी मुलीला बाहेर काढलं. आता खाली न्यायचं कसं? स्ट्रेचर नाही, गाडी येत नाही. तेव्हा तिथल्या एका भिल्ल बाईने अंगावरची साडी सोडून दिली. तिची झोळी झाली आणि त्या झोळीतून त्या मुलीला डोंगर उतरवलं.

मी ही गोष्ट ऐकली त्या रात्री झोपू शकलो नाही. आजही लिहिताना हात थांबतो. त्या बाईकडे सांगायला कारणं होती. लाज हे कारण होतं, भीती हे कारण होतं, 'आपल्याला काय त्याचं' हे सगळ्यात सोयीचं कारण होतं. तिने कुठलंच पुढे केलं नाही. तिने मोबाइलही रोखला नाही. वर आभाळात लाखो रुपयांचं विमान आणि खाली जीव वाचवायचं साधन काय, तर एका गरीब बाईची नेसती साडी. ज्या डोंगरावरून रोज शिकाऊ विमानं उडतात तिथल्या पाड्यांना एक दूरध्वनी क्रमांक देता येत नाही? विमान पडलं तर किती अंतर ठेवायचं, विडी-काडी का पेटवायची नाही, जखमीची मान कशी धरायची, हे वर्षातून एकदा येऊन दाखवता येत नाही? दोन-चार पाड्यांमागे एक दुमडता स्ट्रेचर ठेवता येत नाही? शाळेच्या एका विद्यार्थ्याच्या फीमध्ये हे सगळं कित्येक वेळा बसतं. सत्कार झाले असतील, झालेच पाहिजेत. शाल-नारळाने पुढच्या जखमीला खाली आणता येत नाही.

तेव्हा माझं मागणं असं आहे. खान्देशच्या आभाळात झालेल्या प्रत्येक अपघाताचा, आणि खालच्या खणात ढकललेल्या प्रत्येक 'घटने'चाही, तपास अहवाल मराठीत आला पाहिजे. हे अहवाल इंग्रजीत निघतात, संकेतस्थळावर पडून राहतात आणि ज्यांच्या शेतात विमान पडतं त्यांच्यापर्यंत कधी येत नाहीत. शाळांनी ते आपल्या फाटकावर लावावेत, बातमीदारांनी मथळा देण्याआधी वाचावेत, माझ्या शेजारच्या मोटरसायकलवाल्याच्या मोबाइलवरही एकदा जाऊ देत. पहिली प्रत मात्र यांपैकी कुणाला नको. ती डोंगरातल्या त्या पाड्यावर जाऊ द्या, आणि कुणीतरी माणूस पाठवून ती वाचून दाखवा: बाई, तुम्ही जिला खाली आणलंत, तिचं विमान का पडलं ते हे असं आहे. पत्ता शोधायला अडचण नको. मुक्काम वर्डी, तालुका चोपडा, जिल्हा जळगाव.